मुरलीधरराव चावीवाले यांच्या शेवटच्या पेपराची हकिकत

श्रीजलदेवता सुप्रसन्न असो. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, वैशाख मास. ज्यांच्या दारी नळ आहे आणि नळास पाणी कधीमधी आहे, त्या सर्व थोरामोठ्यांस हे वर्तमान सादर व्हावे.

एक नगर होते. वरची, मधली आणि खालची ऐशा तीन आळ्यांचे ते राज्य. एक दिवस ओला, एक दिवस कोरडा. ओल्या दिवशी सहाला वरच्या आळीस पाणी, आठाला मधलीस, दहाला खालचीस, ही वहिवाट. पाणी सोडण्याची लोखंडी चावी मुरलीधरराव वाघचौरे यांचे खांद्यावर असे आणि ती दुसऱ्या हाती देण्याचा रिवाज नव्हता, कारण एकदा दिली होती तेव्हा घागरींची लढाई होऊन दोन आळ्यांची सोयरीक मोडली. मुरलीधरराव तरुणपणी बी.ए. जाहले होते, मग वडील वारले, चावी हाती आली आणि पुढील शिक्षण राहिले.

ऐसे असता दरबाराने मुक्त विद्यापीठ स्थापिले आणि दवंडी दिली की, चाकरीत आहे त्याने चाकरी न सोडिता एम.ए. व्हावे, पुस्तके घरपोच येतील, वर्ग रविवारी भरेल, दोन वर्षांचे काम पाच वर्षांत केले तरी विद्यापीठ रागावणार नाही. मुरलीधररावांनी इतिहास विषय घेतला आणि टाकीच्या सावलीस बसून चार वर्षे वाचन केले. कोरड्या दिवशी पडलेले पेपर सुखरूप पार पडले. एकच पेपर दोन उन्हाळे ओल्या दिवशी आला आणि हुकला. आता पाचवे वर्ष, मुदतीचे शेवटचे, आणि पेपर पुन्हा ओल्या दिवशी, दहा ते एक. तो चुकला तर पाच वर्षे पाण्यात.

मग ते पाणीखात्याचे साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले की ओल्या दिवशी चावीवाल्यास रजा नाही, मात्र कोणाची तक्रार न आली तर आपण काही पाहिले नाही. तक्रार हा तर खालच्या आळीचा धर्म, आणि त्या धर्माच्या मुख्य चंद्राक्का मोहिते. त्यांच्या जिभेस मुरलीधरराव वीस वर्षे भीत आले होते. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि पायांकडे पाहत सर्व सांगितले. आक्कांनी ऐकले, विडा चघळला आणि बोलिल्या, "मेल्या, हे आधी का नाही सांगितलंस? दोन वर्षं फुकट घालवलीस. आमची आळी उद्या पाणी घेणार नाही. जा, अभ्यास कर."

ही वार्ता संध्याकाळपर्यंत वर पोचली आणि वरच्या आळीस अपमान वाटला की, खालच्यांनी मोठेपणा करावा आणि आपण हंडे भरावे, हे कैसे? त्यांनीही नळ न सोडण्याचे ठरविले. मधलीने ऐकले, तिनेही ठरविले. आणि आपला बेत कोणी समोरून कोणास, मुरलीधररावांसही, सांगितला नाही, कारण घागरींच्या लढाईपासून आळ्यांचे बोलणे बंद होते.

दुसरे दिवशी मुरलीधररावांनी सहाला आणि आठाला चावी फिरविली. पाणी वाहते की नाही हे पाइपास कान लावून ऐकण्याचा त्यांचा नेम, पण त्या दिवशी कानात तह आणि लढाया होत्या, तो नेम चुकला. दहाला ते शाळेत पेपरास बसले. नदीवरचा पंप चालू, तिन्ही आळ्यांचे नळ बंद, आणि टाकी शाळेच्या भिंतीस लागून. साडेअकराच्या सुमारास टाकी भरून सांडव्याच्या मोठ्या नळातून पाणी खाली कोसळू लागले. नगरात पूर्वी ऐसे कधी घडले नव्हते.

मुरलीधररावांनी तो आवाज ओळखला. लेखणी थांबली, हात आपोआप खांद्याकडे गेला आणि ते अर्धे उठले. पर्यवेक्षक हळूच म्हणाले की बाहेर गेलात तर आत येता यायचे नाही. ते तैसेच वाकून उभे राहिले. इकडे चाकरी, तिकडे पाच वर्षे. तोच खिडकीच्या गजाआड चंद्राक्का दिसल्या. नखशिखांत भिजलेल्या, काखेत घागर.

"मुरली, बस खाली. पंपावर माणूस पाठवलाय. उठलास तर माझ्याशी गाठ आहे."

ते बसले आणि लिहू लागले. बाहेर तिन्ही आळ्यांच्या बाया एका नळाखाली आल्या, हंड्यास हंडा लागला, आणि कोणी कोणास ढकलिले नाही. इतक्यात साहेब गाडीतून उतरले आणि पाणी वाया का गेले म्हणोन पुसू लागले. मग जो कल्लोळ उठला तो काय वर्णावा! खालची आळी म्हणे पाणी घेणे आम्ही आधी सोडले, वरची म्हणे आम्ही, मधली म्हणे तुम्ही दोघी खोट्या. तक्रार म्हणून एक शब्द निघाला नाही. साहेब भिजलेले बूट हाती घेऊन गेले आणि म्हणाले, आपण काही पाहिले नाही.

निकाल श्रावणात लागला. मुरलीधरराव द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण जाहले आणि नगरात पेढे वाटले. दुसरे दिवशी खालच्या आळीस पाणी दहा मिनिटे उशिरा आले. चंद्राक्का रस्त्यावर येऊन गरजल्या, "एम.ए. झालास म्हणून घड्याळ विसरलास काय रे?" मुरलीधरराव चावी खांद्यावर टाकून हसले आणि आता कुठे त्यांस पदवी मिळाल्यासारखे वाटले.

तात्पर्य, विद्येची सवड दरबाराने दिली, परंतु सकाळची सवड आळीने दिली. हे वर्तमान आळीतल्याच एका, पन्नाशीनंतर अक्षरे गिरविलेल्या हाताने लिहिले आहे, वेलांटी चुकली असेल तर वाचणाराने सांभाळून घ्यावी. पाणी येवो.