ऐंशी वॉटचा झुरका

मस्कतच्या रुवी भागातल्या त्या सहा मजली बिल्डिंगमध्ये कुठे काही जळलं, की लोक आधी धनंजय खातूंना बोलवत आणि मग आग विझवत. खातूसाहेब बिल्डिंगचे मेंटेनन्स इन्चार्ज. मूळचे चिपळूणचे, मस्कतमध्ये बावीस वर्षं काढलेले. नुसत्या वासावरून काय जळतंय ते सांगायचे. "हे वायरचं प्लास्टिक." "हे मोटरचं वार्निश." "हा खालच्या कॅफेटेरियातला पराठा, चला जेवायला." एकदाही चूक नाही. भाडेकरूंनी नवा मिक्सर आणला तरी तो पहिल्यांदा चालू करताना ते खातूसाहेबांना शेजारी उभं करत.

अशा माणसावर पन्नाशीनंतर सिगारेट सोडायची पाळी आली. वादी अदाई भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गुढीपाडव्याच्या सकाळी शिवांगीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, हातात कडुलिंब ठेवून तशी शपथच घातली. खातूसाहेबांनी ती पाळली. पुढचे अडीच महिने ते बडीशेप खात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत फिरले. मग ईदच्या सुट्टीत दुबईहून पुतण्या आला, आशुतोष. काकांचा तो चेहरा बघून त्याला दया आली आणि जाताना त्याने खिशातून एक यंत्र काढून दिलं.

"काका, हे ओढा. सिगारेट नाही हे, म्हणजे शपथ मोडत नाही. इथे दुकानात मिळत नाही, बंदी आहे, तेव्हा जपून. आणि मी बावीस वॉटवर ठेवलंय. वाढवू नका, कारण आतली कॉइल..."

"आशुतोष," खातूसाहेब म्हणाले, "वॉट म्हणजे काय ते तू मला शिकवणार?"

बँकेत काम करणारा मुलगा, त्याची काय बिशाद!

यंत्र मुठीत मावेल एवढं. खाली बॅटरी, वर काचेची इवलीशी टाकी. टाकीत गोडसर पाणी, त्या पाण्यात भिजलेला कापूस आणि कापसाला तारेचं वेटोळं. बटण दाबलं की तार तापायची, पाण्याची वाफ व्हायची आणि ती ओढायची. पण खातूसाहेबांना भुरळ पडली ती पडद्याची. त्यावर चक्क आकडे होते. बावीस वॉट, शून्य पूर्णांक सहा ओहम, तीन पूर्णांक त्रेसष्ट व्होल्ट. त्यांनी पावतीच्या मागे गणित करून पाहिलं. बावीस गुणिले शून्य पूर्णांक सहा म्हणजे तेरा पूर्णांक दोन, त्याचं वर्गमूळ तीन पूर्णांक त्रेसष्ट. बरोबर! व्यसन असावं तर असं, असं त्यांना मनापासून वाटलं.

एकच गोष्ट मात्र त्यांना खुपत होती. यंत्राच्या अंगावर ठळक अक्षरांत कोरलं होतं, ८० वॉट. ऐंशीचं यंत्र आणि चालवायचं बावीसवर? पाच टनाचा एसी लावायचा आणि त्याला पंख्यासारखा फिरवत बसायचं, हे त्यांच्या धंद्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. हाताखालच्या पोरांना ते एकच मंत्र द्यायचे, "आधी पाटी वाच, मग हात लाव." इथे पाटी तर समोर होती. टाकीच्या आत कॉइलवरही बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. पण त्याला चष्मा लागला असता, आणि चष्मा लावून व्यसन करणं त्यांना प्रशस्त वाटेना.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते तिसऱ्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिकल रूममध्ये शिरले. या खोलीच्या किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे आणि दुसरी त्यांचा टेक्निशियन नूरैन याच्याकडे. दारावर धूम्रपानाच्या सक्त मनाईची पाटी होती, तीन भाषांतली, खातूसाहेबांनी स्वतः लावलेली. त्यांनी आतून कडी लावली, यंत्र काढलं आणि आकडा वर चढवायला घेतला. तीस, पन्नास, सत्तर, ऐंशी. व्होल्ट सहा पूर्णांक त्र्याण्णव. गणित इथेही चोख. त्यांनी बटण दाबून मनसोक्त झुरका घेतला.

पुढचं अर्धं मिनिट त्यांना आपण कोण, कुठे आणि कशासाठी जन्माला आलो ते आठवेना. घशात कोणीतरी पेटता काकडा घातल्यासारखं झालं. तार एवढी तापली होती की पाणी पोचायच्या आतच कापूस करपला. डोळ्यांतून धारा, छातीत खोकल्याची उबळ आणि खोलीभर काळपट धूर. त्यांनी घाईघाईने एक्झॉस्ट पंखा लावला. त्या पंख्याने इमानेइतबारे सगळा धूर उचलला आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेऊन सोडला. तिथून तो थेट देविका मॅडमच्या ट्रॅव्हल एजन्सीत गेला.

दारावर थापा पडल्या. "खातूसाहेब! अहो, जळतंय!"

खातूसाहेबांनी गरम यंत्र खिशात कोंबलं आणि दार उघडलं. बाहेर देविका मॅडम आणि त्यांच्या मागे अख्खा स्टाफ. बाई पुण्याच्या, वीस वर्षं मस्कतमध्ये लोकांची तिकिटं काढतात आणि विमानाला उशीर झाला तर वैमानिकालाही चार शब्द सुनवतील अशा.

"बघा!" त्या मागे वळून स्टाफला म्हणाल्या. "आपल्याला आत्ता वास आला, हे केव्हाच आत पोचलेत. याला म्हणतात माणूस. डोळ्यांतून पाणी येतंय, पण हलले नाहीत. काय जळतंय हो?"

सगळे त्यांच्या नाकाकडे बघायला लागले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या नाकाला उत्तर पक्कं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं.

"किरकोळ आहे," खातूसाहेब खोकत म्हणाले. "इन्सुलेशन असेल कुठलं तरी."

"इन्सुलेशन! म्हणजे वायरिंग!" देविका मॅडमनी पर्स उचलली, भिंतीवरच्या लाल डबीची काच फोडली आणि बटण दाबलं.

पाच मिनिटांत सहाही मजले खाली फुटपाथवर आले. जूनचं ऊन, डोक्यावर घंटा ठणाणतेय आणि दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट तोंडात कापसाचे बोळे घेऊन उभा. तेवढ्यात बिल्डिंगच्या मालकांची पांढरी गाडी आली. नाव त्यांचं जाफर, पण सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे धनी, असंच म्हणत. उतरताक्षणी त्यांनी विचारलं, "खातू, क्या जलता?"

एकदा तोंडातून गेलेलं इन्सुलेशन आता परत घेणार कसं? खातूसाहेबांनी तेच पुन्हा सांगितलं, इलेक्ट्रिकल रूममधलं.

"उस रूम में लास्ट काम किसका?"

वॉचमनने रजिस्टर आणलं. मंगळवार, ब्रेकर बदलला, सही नूरैन.

नूरैन पुढे आला. हा खेडचा. काम असं की त्याने आवळलेला स्क्रू पुन्हा बघायला लागत नाही. दोन वर्षांत रजा घेतलेली नाही. मधल्या काळात गावी मुलगी झाली, बिलकीस. दीड वर्षाची झाली, तरी बापाने तिला फोनवरच पाहिलेलं. आज रात्री आठचं त्याचं विमान होतं. दोरीने बांधलेली बॅग सकाळपासून वॉचमनच्या खोलीत तयार होती.

"फॉल्ट मिलेगा, तो नूरैन जाएगा," अर्बाब म्हणाले. "नहीं मिला, तो छुट्टी खलास. बिल्डिंग में आदमी लोग रहता है, खातू. मजाक नहीं."

त्यात अर्बाबांचं काहीच चुकलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. खिशातलं यंत्र अजून मांडीला चटके देत होतं.

मग शोध सुरू झाला. मेन स्विच पाडला आणि गुरू-शिष्य तळमजल्यापासून एकेक पॅनेल उघडत निघाले. वर एसी बंद, खाली किराणावाल्याचं आइस्क्रीम वितळतंय आणि पावलोपावली कोणीतरी विचारतंय, "सापडलं का?" नूरैन मुकाट्याने झाकणं काढत होता, टॉर्च धरत होता, झाकणं लावत होता.

"सर, आता कुठं बघायचं?"

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही सांगाल तिथं."

पोरगा इतका शांत कसा, हेच खातूसाहेबांना कळेना. त्याच्या जागी ते असते, तर एव्हाना रडले असते.

एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. फॉल्ट काही मिळेना. मिळणार कुठून? नूरैनने मंगळवारी बसवलेला ब्रेकर दृष्ट लागावी असा बसवलेला. शेवटी खातूसाहेबांनी त्याला पाणी आणायला पाठवलं आणि स्क्रूड्रायव्हर काढला. एक स्क्रू, फक्त अर्धा फेरा सैल करायचा. खाली जाऊन सांगायचं, हा बघा, ढिला होता, माझ्याच नजरेतून सुटला, आता आवळला. नूरैन विमानात, अब्रू शाबूत आणि सगळा मामला मिटला.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला. हात काही वळेना. एरवी झोपेतही स्क्रू आवळणारा तो हात, सैल करायचं म्हटल्यावर लाकूड होऊन बसला. "छ्या!" खातूसाहेब स्वतःशीच म्हणाले. "खोटं बोलायचं, तेही चांगल्या पॅनेलचं नुकसान करून? मेल्या, लाज आहे का तुला?"

ते खाली उतरले आणि थेट अर्बाबांच्या गाडीशी गेले. काच खाली आली.

"अर्बाब, फॉल्ट मिल गया."

"अल्हम्दुलिल्ला! किधर?"

"इधर," खातूसाहेबांनी खिशातून यंत्र काढलं. "फॉल्ट मैं हूँ."

त्यांनी सगळं सांगितलं. बावीस, ऐंशी, कापूस, एक्झॉस्ट. अर्बाब डोळे बारीक करून ऐकत राहिले. मग हसले आणि खातूसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"खातू, तू बहोत अच्छा आदमी है. नूरैन के लिए झूठ बोलता है."

"नहीं अर्बाब, सच!"

"सात साल पहले बेसमेंट में मेरा हाथ से सिगरेट कौन फेंका? मेरा बिल्डिंग, मेरा सिगरेट! खातू फेंका. वो खातू इलेक्ट्रिकल रूम में धुआँ करेगा? और बाईस का चीज अस्सी पे चलाएगा? तू इंजीनियर है. इतना गधा काम बच्चा भी नहीं करता."

आयुष्यभर कमावलेली अब्रू अशी ऐन वेळी आडवी येईल, असं खातूसाहेबांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. साडेचार वाजले होते. विमानतळावर साडेपाचला पोचायला हवं होतं. आता गाढवपणा सिद्ध करून दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"वर चला," ते म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर, तीन भाषांतल्या पाटीखाली, अर्बाब, वॉचमन आणि नूरैन यांच्या साक्षीने खातूसाहेबांनी यंत्र तोंडाला लावलं. आकडा ऐंशीवरच होता. डोळे मिटून त्यांनी बटण दाबलं. उरलासुरला कापूस पेटला. धूर निघाला, तोच जळका वास सुटला, खातूसाहेब खोकत खाली बसले आणि या खेपेला कॉरिडॉरमधली घंटा कोणी काच न फोडता आपणहून वाजायला लागली.

लांबून देविका मॅडमचा आवाज आला, "मी म्हणतच होते! चला, खाली चला! आता तरी पाण्याच्या बाटल्या घ्या!"

अर्बाबांनी दोनदा हुंगलं. "एश हादा! ये क्या है!" मग त्यांनी खातूसाहेबांच्या हातातून यंत्र काढून घेतलं. कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीत ते स्वतःच्या हाताने खोल पुरलं, वर थोडी वाळू आणखी थापली. "नूरैन, यल्ला, एअरपोर्ट. खातू, तू छोड़ के आ. और इस रूम का तेरा चाबी आज से देविका मॅडम के पास."

शिक्षा कडक होती. खातूसाहेबांनी किल्ली काढून दिली.

गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली, तेव्हा पाच वाजून गेले होते. शेवटी खातूसाहेबांनाच राहवेना.

"तुला केव्हा कळलं?"

"पहिल्या मिनटाला, सर. कापूस जळत होता. पॅनेलमध्ये कापूस कुठून येनार? वास ओळखायला तुम्हीच शिकवलात."

"आणि माझ्याकडे ते आहे, हे?"

"सोमवारी खुंटीवरच्या तुमच्या शर्टाच्या खिशातून पडलं होतं. मी उचलून परत ठेवलं."

"अरे, मग बोलला का नाहीस? चार तास झाकणं काढत बसलास माझ्याबरोबर!"

नूरैनने खिडकीबाहेर पाहिलं. "मी बोललो असतो, तर अर्बाबनी तुम्हाला सोडलं नसतं. तुमचं तुम्ही बोलायचं होतं."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर गेलो नसतो," नूरैन म्हणाला. मग जरा थांबून, "पन बॅगेची दोरी मी सोडली नव्हती, सर."

विमानतळाच्या दाराशी खातूसाहेबांनी बॅग स्वतः उतरवली. नूरैन आत जायला निघाला, चार पावलांवरून परत आला.

"सर, एक सांगू? त्या कॉइलवर वीस ते पंचवीस लिवलेलं होतं. ऐंशी होतं ते बॅटरीवालं, ती जास्तीत जास्त किती देनार ते. पुरवठ्याची पाटी वेगळी, लोडची वेगळी. पहिल्याच दिवशी तुम्ही शिकवलंत, आधी पाटी..."

"कळलं, कळलं! पळ आता. बिलकीसला माझा पापा दे."

वादी अदाईला ते घरी पोचले, तेव्हा दिवेलागण झाली होती. शिवांगीने दार उघडलं, नाक मुरडलं आणि त्यांच्या शर्टाजवळ येऊन हुंगलं.

"अहो, हे जळकं कसलं येतंय? आज पुन्हा कुठे वायर जळली वाटतं?"

खातूसाहेबांनी चपला काढल्या आणि त्या नीट जोडीने ठेवल्या.

"वायर नाही," ते म्हणाले. "कापूस. बस जरा, सांगतो."