देवाला सांगितलेले यंत्र

१९५९ साली पेटंट कचेरीकडून आलेल्या पत्राला गुरुदासने नऊ महिने उत्तर दिले नाही. प्रश्न एकच होता: 'अर्जापूर्वी सदर शोध कोणत्याही व्यक्तीस सांगितला होता काय? असल्यास तिचे नाव, वय, धंदा व पत्ता कळवावा.'

शोध म्हणजे पायाने चालणारे नारळ खोवायचे यंत्र. त्यासाठी त्याने बायकोच्या शिलाई मशीनचे पायदान उपसले होते. सुगंधाची शिलाई बंद पडली ती पडलीच.

"माझी मशीन मोडलात," ती रोज विचारी, "तुमचो कागद खंय आसा?"

पेटंटचा कागद अडला होता देवापाशी; शोध आधीच फुटला असेल तर पेटंट मिळत नसे. नवे काम काढायचे तर रवळनाथासमोर गाऱ्हाणे घालायचे, ही गावची रीत. गावकार दाजींनी ते खणखणीत घातले होते: "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान नारळ खोवूचा यंत्र केल्यान आसा. पायान दाबला काय चाक फिरता, चाकावांगडा दात फिरतत. त्येका यश दी, म्हाराजा!" आणि चाळीस माणसे ओरडली होती, "व्हय म्हाराजा!"

सांगितले होते ते देवाला; आता देवाला व्यक्ती म्हणावे काय? गुरुदास सावंतवाडीला हरिश्चंद्र वकिलांकडे गेला.

"अर्थात," वकील म्हणाले. "देवाच्या नावावर जमीन असते, देव कोर्टात दावा लावतो. कायद्याने तो व्यक्तीच. त्याने शोध गुप्त ठेवला, असे त्याच्याकडून लिहून आणा."

दाजींनी कौल लावला. उजवीकडचे, म्हणजे होकाराचे, फूल पडले. देवाने कोणाला सांगितले नव्हते. दाजींनी देवाच्या वतीने अंगठा उठवला.

वकिलांनी कागद बाजूला सारला. "चालणार नाही. देव कायद्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन. कायमचा. कोर्टाकडून पालक नेमून घ्या."

"म्हाराजा, अख्खो गाव त्येका बापूस मानता!" गुरुदास म्हणाला.

"गावाने खुशाल मानावे. कोर्टाने मुलगा मानला आहे."

पालकाचा अर्ज कोर्टात पडून राहिला, तोवर मालवणच्या बाजारात यंत्र विकायला आले. तेच चाक, तेच दात, वर मुंबईचा पत्ता आणि पेटंटचा शिक्का. मालक वाडीतलाच लवू. गाऱ्हाण्याच्या दिवशी तो रजेवर गावी आला होता आणि सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणाला होता.

गुरुदासने त्याला गाठले. "लवू, तुका ता पत्र इला नाय?"

"इला मा."

"मगे काय ल्हिलंस?"

"खरा ता ल्हिलंय. मिया कोणाकच सांगूक नाय, देवाक पण नाय. मिया फकत आयकलंय!"

गुरुदास घरी आला. सुगंधा शेजारणीचा फाटका परकर हाताने शिवत होती. त्याने दौत काढली आणि उत्तर लिहिले.

'होय, सांगितला होता. नाव: श्री रवळनाथ. वय: कोर्टाच्या मते अज्ञान. धंदा: गावची राखण. पत्ता: देऊळ.' खाली त्या चाळीस जणांची नावे लिहिली, लवूचेही.

सर्वांत शेवटी एक ओळ कोरी सोडली. समोर लिहिले: 'यापुढे जो कोणी ही हकिकत ऐकेल, हसेल आणि गप्प बसेल, त्याच्यासाठी.'

मग पाकीट चिकटवून त्याने पोस्टाच्या पेटीत टाकले.