आधी दोन, मग नवरदेव

महाडच्या एका कॉलेजात मी मुलांना नेटवर्किंग शिकवतो. तेव्हा मेहुणीच्या साखरपुड्याला मुलाकडच्यांच्या तीन जीप महाडहून वरंधला पोचवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

माझा मेहुणा किशोर वरंधला दारात उभा राहणार होता. त्याला फोनवर पद्धत समजावली. "एक पोचायची वाट न बघता मी तिन्ही पाठोपाठ सोडतो. तू क्रमानेच घ्यायच्या. गाडी आली की पुढची कितवी हवी तेवढंच कळव. 'दोन पाठवा' म्हणालास की एक पोचली असं मी समजेन. क्रम चुकवून कुठली आली, तर घेऊ नकोस. हवा असलेला नंबरच पुन्हा सांग."

"आन् आलेल्या गाडीचा काय करू?"

"परत लाव. मी पुन्हा पाठवीन."

पहिली पोचली. "दोन पाठवा," किशोर म्हणाला. मी खूश. थोड्या वेळाने पुन्हा फोन, "दोन पाठवा." अरे, दोन तर कधीच गेली! मी काही विचारायच्या आत त्याने फोन ठेवला. नंबराखेरीज बोलायचं नाही, हे मीच बजावलं होतं.

पहिलीच गाडी दोनदा पोचली की काय, मला काही कळेना. तेवढ्यात दोन नंबरच्या ड्रायव्हरचा फोन आला. मुलाच्या आत्याबाईंना वळणांनी मळमळलं, म्हणून ते वाटेत सरबताला थांबले होते. मग तीन नंबर गेली कुठे? तिच्यात तर नवरदेव धवल होता!

एवढ्यात वरंधहून बायकोचा, चारुशीलाचा फोन. "अहो, ह्या किशोरने धवलरावांना दारातून परत लावलं! त्यांचे वडील म्हणाले, सोयरीक मोडली."

मागून किशोर, "ताय, भावजीच बोलले व्हते. दोन आल्याबिगर तीन घ्यायची नाय. मी तं ओवाळणाऱ्या बायांना पन मागं सारलं."

तरी माझ्या तोंडातला मास्तर गप्प बसेना. "अगं, तशी पद्धतच आहे. क्रम चुकवून आलेलं कॉम्प्युटर सरळ टाकून देतो. पाठवणाऱ्याकडे त्याची प्रत असते, तो पुन्हा पाठवतो."



"मग पाठवा ना तुमच्याकडची प्रत," चारुशीला म्हणाली. "भटजी खोळंबलेत."

मी स्कूटरला किक मारली. अर्ध्या वाटेत त्यांच्या जीपला स्कूटर आडवी घातली, धवलच्या वडिलांचे पाय धरले, तेव्हा कुठे संध्याकाळी साखरपुडा झाला.

माणसं मात्र भली आहेत. लग्नात त्यांना काही म्हणता काही नको. वऱ्हाड तेवढं आमचं आम्ही आणू, म्हणाले.