यमकात न बसलेला शिष्य

धर्मशिक्षण कसं द्यावं, हे मला विचारा! आमच्या गोरेगाव खेड्यातल्या प्रार्थनाघरात नववी-दहावीच्या पोरांचा वर्ग मी घेतो. फादरांनी दिलेलं पुस्तक उघडलं की ही पोरं लाजाळूच्या पानांसारखी मिटायची. मी म्हटलं, ठेवा ते पुस्तक! माझ्या आईच्या जात्यातून पिठाबरोबर अख्खं बायबल गळायचं. मी सगळा धर्म ओव्यांत बांधतो. आणि बांधला!

"पप्पा," माझी रूथ म्हणाली. पोरगी दहावीची, पण जीभ विळ्यासारखी. "पोरायला अर्थ बी सांगा की."

"आधी चाल लागू दे, अर्थ मागून चालत येतो!"

गुड फ्रायडेला फादर येणार होते. प्रार्थनेआधी पोरांची परीक्षा घेणार, आणि पास झाली तरच बिशपांच्या हातून श्रद्धा पक्की करणाऱ्या दृढीकरणाच्या संस्कारासाठी त्यांची नावं पाठवणार. दहावीची पोरं जूनमध्ये चिमण्यांसारखी चहूकडे उडणार, रूथसुद्धा. यंदा हुकलं की हुकलंच!

मी उत्साहानं दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिलं: ‘पवित्र सप्ताह. सर्वांनी यावे.’

झालं! दुसऱ्या दिवशी व्यंकटराव दारात. गावचा हरिनाम सप्ता दर वर्षी तेच उभा करतात.

"मास्तर, तुमच्यात बी सप्ता असतो, आन् आमाला सांगितलं न्हाई? वीणा कोण धरणार?"

"आमच्यात वीणा नसते, व्यंकटराव."

"मी देतो ना! आन् मंडप?"

"न्हाई, तसं न्हाई ते..."

"पंगत?"

मी घाईत होतो. म्हणालो, "पाहू."

आमच्या भागात ‘पाहू’ म्हणजे ‘ठरलं’, हे माझ्या पिकल्या केसांना तरी आठवायला नको?

गुड फ्रायडेला आम्ही घंटासुद्धा वाजवत नाही. वेदी फुलां-कापडाविना उघडी, पोटं रिकामी, बोलणं हळू. आणि त्या दुपारी फादर मोटारसायकलवरून उतरले ते थेट मंडपात! वर झेंडूची तोरणं, खाली मृदंग, कोपऱ्यात कढईत बुंदी, आणि भोंग्यावर माझीच पोरं, शेजारच्या साखरा गावाला यमकात बसवलेली माझीच ओवी:

*प्रभू निघाले वाटेला, वाटेत लागला साखरा,*
*मागं शिष्यांची रांग गं, मोजून पाहा अकरा!*

"मास्तर," फादर म्हणाले, "हे काय?"

"सप्ताह, फादर."

त्यांनी डोळे मिटले. बहुधा माझ्यासाठी प्रार्थना केली. मग पोरांना विचारलं, "प्रभूचे शिष्य किती?"

"अकरा!" सगळी एका सुरात. चाल पक्की होती हो!

"बारावा कुठे गेला?"

"यमकात बसला न्हाई, फादर!"

"फादर, यहूदा फितूर झाला, उरले अकराच!" मी घाम पुसत म्हणालो.

"वाटेला निघाले तेव्हा बाराच होते, मास्तर. नावं यंदा राहू द्या." त्यांनी पेन खिशात घातलं.

तेवढ्यात व्यंकटरावांच्या अनुसयाबाई बुंदीचं भांडं घेऊन आल्या. पोरांनी पत्रावळीवर हात आडवे धरले.

"काहून रे लेकरांनो? उपास हाय का? मंग साबुदाणा टाकू?"

"न्हाई काकू," रूथ म्हणाली. "आज आमचा प्रभू गेला. त्यानं काहीच वाईट केलं न्हाई, तरी लोकांनी खिळ्यांनी ठोकून मारला. आन् मरता मरता तो म्हणला, देवबापा, या लोकायला माफ कर, काय करून राहिले ते यायला कळून न्हाई राहिलं. म्हणून आज आमी जेवत न्हाई."

अनुसयाबाईंच्या हातातला डाव तिथंच थांबला.

"आगं बया! दुखवटा हाय व्हय! आवो, बंद करा तो भोंगा! मयताच्या घरी मृदंग वाजवून राहिले!"

मृदंग थांबला. पोरांनी तोरणं उतरवली. बाया डोक्यावर पदर घेऊन खाली बसल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. वाऱ्यानं मंडपाचं कापड तेवढं हलत होतं, कुणी पाठीवर हात फिरवावा तसं. इतकी शांत गुड फ्रायडेची प्रार्थना आमच्याकडे कधी झाली नव्हती.

प्रार्थना संपल्यावर फादरांनी पेन पुन्हा बाहेर काढलं. "रूथ, हे पप्पांच्या ओवीत होतं?"

"न्हाई फादर. काकूनं इचारलं म्हणून सांगितलं."

"सगळ्यांची नावं पाठवतो," फादर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पुढच्या वर्षी पोरांना प्रश्न विचारू द्या, मास्तर. ओव्या जरा जपून."

"मंग आता पुढं काय असतंय, पोरी?" अनुसयाबाईंनी हळूच विचारलं. "तिसऱ्या दिवशी राख सावडायची?"

"न्हाई काकू. तिसऱ्या दिवशी तो उठतो!"

"उठतो?" त्यांनी भांड्यावर झाकण घातलं. "मंग ठेवा ही बुंदी झाकून, रईवारी लागंल!"

रविवारी लागली. फादरांनी दोनदा मागून घेतली. मीही तोवर ओवी सुधारली होती: साखरा काढला, शिष्य पुरे बारा केले, आणि पंगतीत ताठ मानेनं म्हणून दाखवली. शेवटच्या ओळीला साखऱ्याहून आलेले दगडोबा भरल्या पत्रावळीवरून उठून उभे राहिले.

"मास्तर! शुक्रवारी भोंग्यावर देव आमच्या गावावरून गेला म्हणून अख्खा साखरा खूश हाय. आता रस्ता काहून बदलला?"