बारा फुटांवरची तार

पगारे अण्णा चहाला मार्क देतात. मार्क दोन आकड्यांत असतात, पहिला पाचपैकी आणि दुसरा नऊपैकी. आमच्या मंगलच्या हातचा चहा ते पहिल्यांदा प्यायले तेव्हा कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, पाच-नऊ!" मंगलने घड्याळाकडे पाहिलं.

हा हिशोब चहाचा नव्हे, रेडिओचा. अण्णा हॅम आहेत, म्हणजे घरात बसून स्वतःच्या रेडिओवरून जगभरच्या दुसऱ्या हौशी लोकांशी बोलणारे. समोरच्याचा आवाज कसा पोचला ते आम्ही असं सांगतो: पाचपैकी किती समजलं, आणि नऊपैकी ताकद किती होती. अण्णांनी ही पद्धत सगळ्या संसाराला लावली. सुनेच्या भाजीला "चार-सात, मीठ फेडिंगमध्ये गेलं" म्हणतात; फेडिंग म्हणजे आवाज मध्येच विरणं. कॉलनीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाला बाहेरून आणलेल्या वक्त्याचं दीड तासाचं भाषण संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा अण्णा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ताकद नऊ, समजलं एक."

वर "आम्ही" म्हणालो, कारण हॅम मीसुद्धा आहे. पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या कॉलनीत दोनच हॅम, आणि दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. लोकांना वाटतं, किती छान! काही छान नाही. मला अण्णांचा हेवा वाटतो. आडून कशाला सांगू? मी तीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर न बघता जगाचा नकाशा काढला, आणि जग बोलायला जातं ते शेजारच्या निवृत्त लाईनमनशी. अण्णांनी नोकरीभर विजेच्या खांबांवर चढून तारा ओढल्या. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर देशोदेशीच्या हॅमनी पाठवलेली कार्डं लावलेली आहेत. त्यातल्या तीन देशांच्या राजधान्या मलाही आठवत नाहीत. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

शिवाय अण्णांना मोर्स येतं, टिंब आणि रेघांची ती टकटक भाषा. मी मोर्स नसलेल्या सोप्या परीक्षेला बसलो. "चालतंय की, सर," असं अण्णा म्हणाले. त्या "चालतंय की"नं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण खरा जळफळाट तारेवरून. आमच्या छंदात रेडिओ कुणीही विकत घेतो. माणूस कळतो तो अँटेनावरून. एकाच तारेनं चाळीस मीटर, वीस मीटर, दहा मीटर असे रेडिओलहरींचे सगळे पट्टे चालवायचे, तर तार कुठली, किती लांब आणि किती उंच, यात सगळी अक्कल असते. मी महिनाभर वाचन केलं, तक्ते काढले, तयार अँटेना मागवली. अण्णांनी विजेच्या कामातून उरल्यासारखी दिसणारी वीस मीटर तार घेतली, एका गोल कड्यावर तांब्याचे वेढे स्वतःच्या हातानं घालून ते प्लास्टिकच्या डबीत बसवलं, डबी तारेच्या टोकाला जोडली आणि पाण्याच्या टाकीवरच्या खांबापासून कोपऱ्यावरच्या नारळापर्यंत चढवून दिली. सगळे पट्टे पहिल्या दिवसापासून चालू!

मी माझी तार लावली त्याची हकिगत कॉलनीत अजून सांगतात. रेडिओतून निघालेली शक्ती बाहेर किती जाते आणि तारेवरून किती परत फिरते, ते एक काटा दाखवतो. परत फिरणं कमी होईपर्यंत तारेची लांबी जुळवायची असते. माझा काटा ऐकेना. मी तार वीतभर कापली. काटा आणखी बिघडला. मी आणखी कापली, मग आणखी कापली. तार आधीच आखूड होती आणि मला ती वाढवायला हवी होती, हे मला कळलं तेव्हा वीस मीटरची तार चौदावर आली होती. अण्णा कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून सगळं बघत होते.

"सर, तार कधी कापायची नाय," ते म्हणाले. "मुडपायची. मुडपलेली पुन्हा सोडता येती. कापलेलीवर आता वहिनींना टॉवेल वाळत घालू द्या."

मंगलने खरंच घातले.

तर हेच अण्णा, दीड वर्षापूर्वी एका सकाळी शिडी लावून नारळावर चढले आणि त्यांनी आपली ती जगप्रसिद्ध तार खाली उतरवली. चाळीस फुटांवरची तार बारा फुटांवर आणली. घराच्या कोपऱ्यापासून अंगणातल्या शेवग्यापर्यंत इतकी खाली, की उंच माणसानं छत्री उघडली तर लागेल. शेवग्याला पाटी लावली: "येथे कपडे वाळत घालू नयेत." मला बरं वाटलं. म्हटलं, वय झालं, हौस फिटली.

माझा आनंद आठवडाभर टिकला. रोज सकाळी सव्वासातला भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज येऊ लागला. आधी मोर्सची टकटक, म्हणजे आपलं आणि समोरच्याचं सांकेतिक नाव. ते मला कळत नाही. मग, "कसं शे भाऊ? काल रात्री झोप लागली का?" मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं: द्वारका चौकात ट्रॅफिक किती तुंबलं, टोमॅटोचं काय झालं, नातू कुठल्या विषयात नापास झाला. मग "ओव्हर." आणि मग शांतता.

ही शांतता चार-चार मिनिटं चालायची. मी धावत जाऊन माझा रेडिओ त्याच फ्रिक्वेन्सीवर लावायचो. अण्णा बोलत तेव्हा भिंतीपलीकडचा आवाज खणखणीत यायचा. ते थांबले की नुसती खरखर. मी कान लावून बसायचो, घामाघूम व्हायचो. चार मिनिटांनी अण्णा म्हणायचे, "वा! आज एकदम कडक. पाच-नऊ!"

पाच-नऊ! आणि मला शून्य-शून्य. म्हणजे जगात कुठेतरी एक स्टेशन होतं, ते रोज चार मिनिटं भरभरून बोलत होतं, आणि ते एका भिंतीच्या अलीकडे ऐकू येत नव्हतं. मी अंदाज बांधला. अण्णा "कसं शे" म्हणतात, म्हणजे माणूस अहिराणी बोलणारा. पण आवाज मला येत नाही, म्हणजे फार लांबचा. बागलाणातून जाऊन कॅनडात द्राक्षं लावणारा कुणीतरी असणार. आपले लोक कुठे नाहीत? मी नकाशा उघडून कॅनडाची दिशा काढली आणि नंतर मागवलेली माझी नवी तार तिकडे वळवली. खांब वाढवून आणखी दहा फूट वर नेली. शून्य. तोंड उघडून विचारावं, तर तो हरल्याची कबुली द्यायचा प्रकार झाला असता. मंगल म्हणाली, "अहो, एकदा विचारा ना त्यांना." मी तिला सांगितलं की तुला यातलं कळत नाही.

शेवटी मी नको ते केलं. अण्णा बाजारात गेलेले पाहून मी टेप घेऊन त्यांच्या अंगणात शिरलो आणि त्यांची तार मोजली: लांबी, उंची, डबीपासून भिंतीचं अंतर, सगळं. वहीत लिहिलं आणि दोन दिवसांत माझी तार उतरवून हुबेहूब तशीच बांधली, बारा फुटांवर. काटा छान बसला. मी टाळी वाजवली.

आणि माझं जग बंद झालं. जपान गेलं आणि धुळं आलं. इंडोनेशियाच्या जागी संगमनेर. आवाज असे, की जणू ओट्यावर बसून बोलताहेत, पण सगळे तालुक्याचे! भूगोलाच्या मास्तरला जिल्ह्याचा नकाशा हातात मिळाला. मी अण्णांना मनातल्या मनात जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला सवयीनं रेडिओ लावला. अण्णांचं टोमॅटो झालं, नातू झाला, "ओव्हर" झालं. शांतता. एक मिनिट, दोन, तीन. मी उठणार, इतक्यात खरखरीतून स्वच्छ आवाज आला.

टिक.

मग बऱ्याच वेळानं दुसरा. टिक.

एवढंच. मोर्समधली दोन टिंबं. बोलणं संपताना आम्ही निरोप म्हणून दोन टिंबं वाजवतो. मोर्स न येणाऱ्यालाही तेवढं कळतं. आणि भिंतीपलीकडे अण्णा आनंदानं ओरडले, "वा भाऊ! पाच-नऊ! आज हात मस्त चालला!"

मी चपला न घालता त्यांच्याकडे गेलो. अण्णा मुख्य स्विच बंद करत होते. मी म्हणालो, "अण्णा, ऐकलं मी. कोण आहे तो?"

"बसा," ते म्हणाले. "तुमची तार खाली आलेली पाह्यली परवाच. म्हणलं, आता ऐकू येईल सरांना."

तो कॅनडातला नव्हता. कळवणचा होता. देवरे सर, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. अण्णा कळवणला लाईनमन असताना दुपारी शाळेच्या पडवीत डबा खायचे, आणि देवरे सरांनी त्यांना तिथे चमच्यानं डब्यावर वाजवून मोर्स शिकवलं. दहावी नापास माणसाला परीक्षेला बसवलं, लायसन मिळवून दिलं. दोन वर्षांपूर्वी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता त्यांच्या पत्नी सकाळी रेडिओ लावून देतात. डावा हात उचलून मोर्सच्या बटणापर्यंत न्यायला सरांना चार मिनिटं लागतात.

"तार वर होती तवा माझा आवाज कळवणवरून उडी मारून पार पुढं जायचा," अण्णा म्हणाले. "पाण्याची नळी तिरकी धरली तर पाणी लांब पडतं. सरळ वर धरली की आपल्याच आजूबाजूला पडतं. तार खाली आणली की तसंच होतं. सरळ वर जातं, डोंगराच्या पल्याड खाली उतरतं."

"आणि बाकीचं जग?"

"जग हाय की. त्याला कुठं जायचंय?"

मी म्हणालो, "मग फोन का नाही करत?"

"फोनवर देवरे वहिनी बोलतात. तो नुसता बाजूला बसतो. रेडिओवर ओव्हर म्हणलं का पाळी त्याची. त्याच्या जागी कुणी बोलू शकत नाय." मग ते म्हणाले, "तुम्हाला सांगितलं नाय, कारण तुम्ही विचारलंच नाय. तुम्ही टेप घेऊन आलात."

मी मान खाली घातली. पण खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला हेवाच वाटत होता. कार्डांचा नव्हे. सकाळी सव्वासातला कुणीतरी आपल्यासाठी चार मिनिटं हात उचलत राहील, असं माझ्या ओळखीत कोण आहे, ते मी मोजून पाहिलं. पुढे सांगत नाही.

मागच्या महिन्यात अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. चार दिवस दवाखान्यात. जाण्याआधी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "सर, चार दिवस माझी वेळ तुम्ही घ्या. त्याची सवय मोडता कामा नये. मोडली का हात राहिला."

पहिल्या दिवशी मी कागदावर मुद्दे काढून बसलो. "नमस्कार देवरे सर. मी वाघ, अण्णांचा शेजारी. अण्णा बरे आहेत." मग मुद्दे संपले. मी त्यांना गंगापूर धरणात किती पाणी आहे ते सांगितलं, माझी चौदा मीटरची तार आणि टॉवेल सांगितले, माझ्या शाळेच्या फळ्याबद्दल सांगितलं. मग "ओव्हर" म्हणालो आणि हात मांडीवर ठेवून बसलो. चार मिनिटं गेली. पाच गेली. सहाव्या मिनिटाला टिक झालं. मी वाट पाहिली. दुसरं आलं नाही.

लगेच फोन वाजला. दवाखान्यातून अण्णा.

"आलं का?"

"आलं."

"किती?"

आता मी हे का केलं ते मला विचारू नका. मी म्हणालो, "दोन."

पलीकडून अण्णा हळूच म्हणाले, "पहिल्याच दिवशी दोन? मला दुसरं टिंब यायला पाच महिने लागले, सर." मग, "बरंय. शिकलेला माणूस शिकलेल्या माणसाला बरोबर ओळखतो. मी काय, खांबावरचा गडी."

अण्णांच्या आवाजात मी पहिल्यांदाच हेवा ऐकला. हा आवाज ऐकायला मी कितीतरी वर्षं कान लावून बसलो होतो. आणि आता तो मला ऐकवेना.

"अण्णा," मी म्हणालो, "खोटं बोललो. एकच आलं."

"एकच?"

"एकच. तेही सहाव्या मिनिटाला."

मग अण्णा जे हसत सुटले, ते थांबेनातच. मध्येच "आई गं" म्हणाले, आणि मागून नर्स ओरडली की आजोबा, हसू नका, टाके ओले आहेत.