पुन्हा एकदा दचका

बाबांनी बाल्कनीच्या दाराची कडी लावली, तेव्हा त्यांची तिन्ही मुलं बाल्कनीत होती.

मुलं म्हणजे काही शाळकरी नव्हेत. आपापला संसार थाटलेली, हप्ते भरणारी, चांगली थोराड माणसं. ताई एका शाळेत खेळ शिकवायची आणि गळ्यातली शिट्टी घरीसुद्धा काढायची नाही. मधला दातांचा डॉक्टर होता. धाकटा लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढायचा. हे तिघं त्या घडीला चौथ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, कुंड्यांना चिकटून उकिडवे बसले होते. ताईच्या तोंडात शिट्टी, मधल्याच्या मुठीत फुग्यांचा घोस आणि धाकट्याच्या मांडीवर केक.

निमित्त आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं. दर वर्षी या दिवशी ताई काहीतरी घडवून आणायचीच, आणि जे घडेल ते आई-बाबांना आधी कळता कामा नये, हा तिचा कायदा होता. यंदा नवरे, बायका, पोरंबाळं यांना सुट्टी. लहानपणी जायचो तसे फक्त पाच जण समुद्रावर तीन दिवस जाणार होते. आई-बाबा सकाळचे फिरायला गेले की ताईकडच्या जादा किल्लीने आत शिरायचं, बाल्कनीत लपायचं आणि दोघं सोफ्यावर टेकले की शिट्टीसरशी बाहेर उडी मारायची. तोवर खाली गाडी येऊन उभी राहील.

ताईने काहीही दैवावर सोडलं नव्हतं. फोन नको तेव्हा वाजतात म्हणून तिघांचे फोन आतल्या खोलीत पलंगाखाली गेले होते. केकचं रिकामं खोकं स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात गेलं होतं. दोरीवरचे वाळलेले कपडे डोक्यावर लोंबत होते, तेही तिने ओढून काढले आणि आता काढलेच आहेत तर म्हणून पटापट घड्या घालून सोफ्याच्या कोपऱ्यात रचले.

"आपण लपायला आलोय की धुणं आवरायला?" मधल्याने विचारलं होतं.

"तू फुगे सांभाळ."

या सगळ्या आटापिट्यामागे ताईची एक धास्ती होती, ती तिने कोणाला सांगितली नव्हती. दोघे भाऊ एकाच शहरात राहत आणि वर्ष वर्ष एकमेकांना फोन करत नसत. भांडण नव्हतं, काहीच नव्हतं, आणि तेच तिला जास्त भयंकर वाटायचं. आपण शिट्टी वाजवायची थांबलो तर हे घर पुन्हा कधी एका जागी येणार नाही, अशी तिची खात्री होती. म्हणून ती वाजवत राहायची.

तर बाबा आले. पण सोफ्यावर टेकले नाहीत. उभं आयुष्य त्यांनी वसतिगृहाचे रेक्टर म्हणून काढलं होतं, आणि उघडं दार दिसलं की त्यांचे हात आपोआप पुढे व्हायचे.

"हे कोणी उघडं टाकलं?" ते म्हणाले, आणि खट्!

तिघं एकमेकांकडे पाहत राहिले. मधला सगळ्यांत आधी भानावर आला. त्याने दार ठोकायला मूठ उगारली, तेवढ्यात बाजूच्या जाळीच्या खिडकीतून बाबांचा आवाज आला.

"चल, आटप. पोरं उगवायच्या आत आपण निसटायला हवं."

मूठ हवेतच राहिली.

बाबांना अलीकडे कमी ऐकू यायचं. त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून आईही मोठ्याने बोलायची. खिडकीवर पडदा होता, पण पडद्याने दिसायचं थांबतं, ऐकू यायचं थांबत नाही.

"पोरं येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आई सोफ्यावर बसल्याचा आवाज आला.

"त्या गाडीवाल्याने! काल मलाच फोन. 'काका, तुमच्या मुलीने गाडी सांगितलीय, पण तुमची गल्ली सापडत नाही.' मी गल्ली समजावली, आणि म्हटलं, बाबा रे, आम्ही दोघंच आहोत, तू जरा लवकरच ये. आपल्या दोघांची बॅग कालपासून भरून तयार आहे."

ताईच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर आली.

आतून सोफा कुरकुरल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "अहो, पण मुलांना काय वाटेल? मागच्या वर्षी धाकट्याने किती छान व्हिडिओ केला तुमचा."

"छान? अगं, दारातून चार वेळा आत आणलं मला! 'बाबा, पुन्हा एकदा दचका. मघाशी नीट दचकला नाहीत.' माणूस एकदा दचकतो की नाही? चौथ्या वेळी मी खरोखर दचकलो, ते छातीत कळ आल्यासारखं वाटलं म्हणून. नेमकं तेच त्याला आवडलं."

मधल्याने तोंडावर हात दाबला. त्याचे खांदे गदगदा हलत होते. धाकटा लालबुंद होऊन केककडे पाहू लागला.

"आणि आपला डॉक्टर?" आईने विचारलं.

"त्याच्यासमोर हसायची चोरी. जरा हसलं की म्हणतो, बाबा, वरची दाढ बघू. एका वर्षी तळ्यावर नेलं, तर होडीत आम्ही दोघंच बसलो होतो. वाटलं, आता पोरगा काहीतरी मनातलं बोलेल. तळ्याला पूर्ण फेरी होईपर्यंत मी आ करून बसलो होतो! शेवटी तो नावाडीसुद्धा वल्ही सोडून आत डोकावून गेला."

मधल्याचे खांदे हलायचे थांबले. त्याची मूठ इतकी आवळली गेली की एक फुगा फट्‌दिशी फुटला. ताईने डोळे मिटून घेतले.

"काय वाजलं?" बाबांनी विचारलं.

"कुठे काय?" आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही बोला. मोठीचं राहिलं."

ताईने डोळे उघडले. आपली पाळी येणार हे तिच्या लक्षात आलं होतं, पण कानात बोटं घालायचं धैर्य तिला होईना.

"ती गुणाची पोर आहे," बाबा म्हणाले. "पण प्रेम करायचं ते शिट्टी वाजवून का? एका वर्षी सूर्योदय बघायला उठवलं आणि रांगेत उभं केलं, तेही उंचीप्रमाणे! मी जन्मभर लोकांच्या पोरांना रांगेत उभं केलं, माझ्याच पोरीने त्याचं उट्टं काढलं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. जरासाच. "आणि तुला खरं सांगू? ते तिघं येतात आणि आपल्याकडे तोंड करून बसतात, नाटकाला आल्यासारखे. एकमेकांशी कुठे बोलतात? धाकट्याने घर बदललं, हे डॉक्टरला माझ्याकडून कळलं. उद्या आपण दोघं नसलो की हे कशाला भेटतील?"

"मलाही तीच भीती वाटते हो," आई म्हणाली, आणि तिने हे जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

बाल्कनीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. ताईला हुंदका आला, तो दाबायला तिने शिट्टी दातांत धरली आणि तिच्यातून बारीकसा 'फुर्र' असा आवाज निघाला.

"ठोकू का दार?" धाकटा कुजबुजला.

"ठोकलंस तर आपण ऐकलं हे त्यांना कळेल," मधला म्हणाला.

"आणि नाही ठोकलं तर?"

वर ऊन चढत होतं आणि केकचा वरचा मजला खालच्या मजल्यावरून सरकू लागला होता. त्यात समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून दात घासायला आपल्या बाल्कनीत आला. समोर तीन प्रौढ माणसं फुगे घेऊन कुंड्यांमागे दडलेली पाहून त्याचा ब्रश तोंडातच थांबला. ताईने ओठांवर बोट ठेवून हात जोडले. त्याने समजल्यासारखी मान डोलावली, आत गेला, आणि बायकोला व म्हाताऱ्या आईला घेऊन परत आला. पाठोपाठ खुर्च्याही आल्या.

आत चपला वाजल्या. स्वयंपाकघरात काही भांडी हलली. "अगं, चल ना!" असं बाबा दोनदा ओरडले. मग मोठं दार बंद झालं आणि घर चिडीचूप झालं.

तिघं धडपडत उठून कठड्यावरून वाकले. खाली गाडी उभी होती. बाबा बॅग छातीशी धरून, इकडेतिकडे बघत, चोरासारखे मागच्या सीटवर शिरत होते.

"बाबा! ओ बाबा!"

ताईने सगळा जीव एकवटून शिट्टी फुंकली. अख्खी गल्ली जागच्या जागी थांबली. फाटकावरचा रखवालदार खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला. बाबांना मात्र काही ऐकू गेलं नाही. गाडीत बसायच्या आधी आईने तेवढं वर पाहिलं. इकडेतिकडे न शोधता तिने थेट चौथ्या मजल्याकडे पाहिलं. तिची तिन्ही मुलं, उरलेले फुगे आणि कललेला केक, सगळं तिने नीट पाहून घेतलं. मग हसून हात केला आणि गाडीत बसली. गाडी निघून गेली.

"तिने पाहिलं," धाकटा म्हणाला.

"हातसुद्धा केला," मधला म्हणाला. तो कुंडीच्या कडेवर बसला. "आई आपल्याला कोंडून गेली? आपली आई?"

ज्या बाईने जन्मात कधी मुंगीला कोंडलं नव्हतं, तिने पोटच्या तीन गोळ्यांना उन्हात कोंडावं, हे कोणाच्याच डोक्यात शिरेना. डोकं चालेनासं झालं की माणूस भांडतो, तसे तिघं भांडले. गाडीवाल्याला बाबांचा नंबर कोणी दिला? बाल्कनी कोणाला सुचली? फोन पलंगाखाली कोणी ठेवले? तिन्ही प्रश्नांचं उत्तर ताईच निघाल्यामुळे ती उसळली.

"सगळं माझ्यावर ढकला! तुम्ही दोघं काय करता? घर बदललंस तर भावाला सांगता येत नाही?"

"त्याने दवाखाना हलवला, त्याने तरी कुठे सांगितलं?" धाकटा म्हणाला.

"मग तुला कसं कळलं?" मधल्याने विचारलं.

"रोज तिथूनच जातो मी. तुझी पाटी दिसते."

"आणि वर येत नाहीस?"

धाकटा केकची कड बोटाने सारखी करू लागला. "तू दाढ बघशील म्हणून."

मधला त्याच्याकडे पाहत राहिला. मग आधी ताईला हसू फुटलं, तिच्या पाठोपाठ धाकट्याला, आणि शेवटी मधल्यालाही इतकं आवरेना की त्याच्या हातातले फुगे सुटून समोरच्या इमारतीवर गेले. समोरच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

केक हाताने खावा लागला. कोपरापर्यंत चॉकलेट ओघळत होतं. मधल्याने सांगितलं की नव्या दवाखान्यात पेशंट येत नाहीत आणि त्याला झोप लागत नाही. धाकटा म्हणाला, मी तुझ्या दवाखान्याचा व्हिडिओ करतो, एकदाच दचकवीन. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोघं ताईकडे न बघता एकमेकांशी बोलत होते, आणि तिला ते ऐकायचं होतं.

"लहानपणी भांडलो की आई आपल्याला इथेच बसवायची," मधला बोटं चाटत म्हणाला. "आठवतं? बोलायला लागलो की दार उघडायची."

ताईचा केकचा हात तोंडापाशीच थांबला.

"अहो!" समोरचा गृहस्थ शेवटी न राहवून ओरडला. "दार ढकलून बघितलंत का?"

"कडी लावलीय आतून!" धाकटा चिडून म्हणाला. "आम्ही स्वतः ऐकलीय. हे बघा!" आणि त्याने दाराला पाठीने दणका दिला.

तो सरळ आत जाऊन सतरंजीवर उताणा पडला.

समोरच्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आत टेबलावर तीन ताटल्या मांडल्या होत्या, तीन चमचे आणि केक कापायला सुरी. सोफ्याच्या कोपऱ्यात कपड्यांचा ढीग तसाच होता, फक्त त्यातला बाबांचा सर्वांत वरचा पायजमा बाजूला काढून, घडी न मोडता, मधोमध ठेवला होता.

पलंगाखालून फोन वाजू लागला. ताई पोटावर सरपटत आत गेली.

"झालं का खाऊन?" पलीकडून आईने हळूच विचारलं.

"आई! तुला कळलं कसं?"

"पायजम्याची अशी चौकोनी घडी जगात तुझ्याशिवाय कोणी घालत नाही. हे आयतेच बोलायला लागले होते, म्हटलं, बोलू द्यावं. कडी मी निघतानाच काढली होती गं. मला वाटलं, निदान दार ढकलून तरी बघाल." ती थोडी थांबली. "आता हळू बोल. यांना काही ठाऊक नाही. तुम्हाला चुकवून पळालो असं वाटतंय यांना. लग्न झाल्यापासून इतके खूश मी पाहिले नव्हते. अजिबात फोन करू नका. आणि तीन दिवस तुम्ही तिघं तिथेच राहा."

"पण आई, मी पुढच्या वर्षी..."

फोन बंद झाला होता.

ताई पलंगाखालून बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे वाहत होते, केसांत जळमटं होती आणि गालावर चॉकलेट. तिने गळ्यातली शिट्टी काढली आणि पायजम्यावर ठेवली. तिने आपल्या हाताने शिट्टी काढलेली भावांनी पहिल्यांदाच पाहिली.

मग धाकट्याने आपला फोन शोधून तिच्यासमोर धरला.

"ताई, पुन्हा एकदा पलंगाखालून ये ना. मघाशी नीट दचकली नव्हतीस."

ताईने बाल्कनीकडे बोट केलं. "दोघंही बाहेर व्हा."