सुयांचे नाना

नाना पेंडसे माणूस भेटला की आधी जीभ बघायला मागतात. हॅमिल्टनच्या देवळात, आरतीनंतर, प्रसाद तोंडात जायच्या आत. "जरा आ करा. हं. पांढरी आहे. पोटात गारठा साचलाय." डॉक्टर नाहीत ते. जन्म बँकेत गेला. लेकीकडे न्यूझीलंडला आले आणि इथल्या एका चिनी डॉक्टरीणबाईंच्या नादी लागले.

मी मुलाकडे असते. तो आणि सून सकाळी गावाच्या 'ते रापा' नावाच्या भागात कामावर जातात. मग घरात मी आणि माझा गुडघा. नानांनी तो बरोबर हेरला.

"इंदूताई, गुरुवारी चला. सैल कपडे घाला, उपाशी येऊ नका, कॉफी पिऊ नका."

निघताना मी तांब्याच्या पट्टीने जीभ खसाखसा घासली. परक्या बाईला घाणेरडी जीभ काय दाखवायची? बाईंनी ती पाहिली, पुन्हा पाहिली, आणि नानांकडे बघत राहिल्या. नानांनी कपाळ बडवलं. "अहो, सगळा पुरावाच खरवडून आलात की!"

मग बाईंनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली. इतका वेळ, की मला वाटलं झोपल्या. नंतर केसासारख्या बारीक सुया. नाना उशाशी उभे राहून सांगत होते, "आधी मुंगी चावेल, मग जड वाटेल. जड वाटलं म्हणजे लागू पडलं." पाठीला काचेचे पेले चिकटवले, ते वेगळंच. घरी सुनेने पाठीवरचे गोल गोल डाग पाहिले आणि ओरडली, "आई, कुणी मारलं तुम्हाला?" नातू म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, आजी!" म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत झकास. वर बाईंनी एक काढा दिला होता. तो प्यायल्यावर कारलं गोड लागतं.

असे बरेच गुरुवार गेले. गुडघा होता तसाच. शेवटी देवळात मी सांगून टाकलं, "नाना, मी दमले. आता नाही यायची."

"गुडघ्यासाठी नका येऊ. पण या."

"मग कशासाठी येऊ? तुमच्याशी गप्पा मारायला?"

नाना देवळाच्या पायरीवर बसले. त्यांची बायको, मालतीबाई, गुरुवारी दवाखान्यात पडद्यापलीकडच्या खाटेवर असते, हे मला ठाऊक होतं. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ऐकू येतं.

"फक्त मी असलो की ती हात ओढून घेते," नाना म्हणाले. "रडते. सुईच टोचू देत नाही. पलीकडे आपल्यातली बाई बोलत असली, की पडून राहते. म्हणून मी सगळ्यांच्या जिभा बघत हिंडतो. देशपांडेबाई पुण्याला परत गेल्या. दुसरं कुणी येत नाही."

"तुम्ही सांगा ना तिला, दुखत नाही म्हणून."

"माझ्यावर कोण विश्वास ठेवतो? चाळीस वर्षं ओळखते ती मला."

"आणि गुण येतोय का काही?"

"मागे एकदा करंगळी हलली. मला दिसली. डॉक्टरीणबाईंना नाही दिसली."

मी गुरुवारी गेले.

त्या दिवशी पायाच्या बोटातली सुई नेमकी झोंबली. डोळ्यांत पाणीच आलं. तोंडून "आई गं" निघालं. लगेच पलीकडची खाट करकरायला लागली. नाना हळू आवाजात विनवत होते, "मालू, अगं थांब. मालू."

"मालतीबाई," मी मोठ्यांदा म्हणाले, "सुईचं नाही हो, माझी कंबर अवघडली. सुई तर मला कळलीसुद्धा नाही. द्या डॉक्टरीणबाईंना हात."

जरा वेळाने करकर थांबली. मग काल माझी भेंडीची भाजी कशी चिकट झाली, ते मी सांगायला घेतलं.